हरभऱ्यातलं मैदान

सोमवारी प्रार्थना झाली तरी सोनवणे गुरुजींनी पोरांना वर्गात सोडलं नाही. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत ते पायरीवर उभे राहिले.

"यंदा केंद्राचे खेळ आपल्या शाळेत," ते म्हणाले. "गुरुवारी खो-खोचे सामने, शुक्रवारी गॅदरिंग, शनिवारी बक्षिसं. केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत."

सादडमाळला असं कधी झालं नव्हतं. पेठच्या डोंगरातली सातवीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं खिचडीची चूल. दर साली इथली पोरं खालच्या मोठ्या गावाला चालत जायची, खेळायची, हरायची आणि चालतच परत यायची. गुरुजी नामपूरकडचे. तीन डोंगर ओलांडून इथं आले तेव्हा त्यांच्या बोलण्यातलं अहिराणी 'शे' ऐकून पोरं हसायची. आता तीच पोरं त्यांच्यामागं धावत होती. कुणी भिंतीला गेरू लावायला घेतला, कुणी गंजलेली लेझीम मातीनं घासू लागलं. नाशिकहून आलेल्या प्रतिभा मॅडमनी टेपवर नाचाचं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. कॅसेट मधेच अडकायची आणि पोरी पाय उचलून तशाच थांबायच्या. मैदानाच्या रेघांसाठी फक्की नव्हती म्हणून पोरांनी चुलीतली राख पळवली, तर खिचडी शिजवणारी तानुबाई हातातला डाव उगारून त्यांच्यामागं लागली.

खांब चंदर गावितनं आणले. त्याचं घर शाळेला लागून, पोरगी पल्लवी सातवीत आणि खो-खोच्या संघात. जुना गोठा मोडला तेव्हाचे दोन दांडके पडून होते. ते त्यानं तासून गुळगुळीत केले, शाळेपुढं खड्डे घेतले, दगड घालून घट्ट ठोकले. पोरींनी लगेच खांबाला हात धरून गरागरा वळून बघितलं. खांब हलला नाही.

दुपारी जंगलाचा गार्ड आला. मोटरसायकल खाली लावून वर चढलेला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शाळेपुढं उभा राहून त्यानं खांबांकडं बघितलं.

"हे कुणी रोवले?"

गुरुजी पुढं झाले, पण त्यांच्या आधी चंदर बोलून गेला, "मीच."

मग गार्ड गुरुजींशी बोललाच नाही. चंदरकडंच वळला. "शाळेच्या भिंतीपुढची जागा जंगलाची आहे, माहीत नाय? लाकूड कुठून तोडलं?"

"तोडलं नाय, साहेब. जुन्या गोठ्याचं हाय. हे बघा, कीड लागलेलं हाय."

"काढ."

"साहेब, गुरुवारी मुलांचे सामने आहेत," गुरुजी म्हणाले. "ते झाले की आम्हीच—"

"गुरुजी, मोठे साहेब याच आठवड्यात फिरतीवर हायेत. त्यांनी हे खड्डे बघितले तर माझं काय होईल? तुमची बदली होईल, मला घरी बसवतील." मग पुन्हा चंदरला, "काढ म्हटलं ना."

चंदरनं खांबाला मिठी मारली आणि हलवायला लागला. सकाळी त्यानंच जीव तोडून ठोकलेला खांब निघेना. त्यानं पाय रोवले, कंबर वाकवली, पुन्हा ओढला. खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. दुसरीतलं एक पोर फिदीफिदी हसलं. पल्लवी रांगेत उभी होती. तिनं त्या पोराकडं बघितलं नाही, बापाकडंही बघितलं नाही. वेणीची रिबीन तोंडात धरून ती खाली बघत राहिली.

खांब निघाला तेव्हा चंदर त्याच्यासकट मागं पडला. गार्ड म्हणाला, "दुसरा पण."

---

रात्री जेवताना भागीबाई नवऱ्याला म्हणाली, "तूच का पुढं झाला? गुरुजी व्हते ना तठं."

"गुरुजी परगावचा माणूस."

"आन तू?"

चंदर नागलीच्या भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तो चघळत राहिला. पल्लवी भाकर कुस्करत बसलेली.

"गुरुजी सांगत व्हते," ती म्हणाली, "मैदान नाय तर सामने खालच्या गावाला नेतील. तठं आमच्यातल्या निम्म्या पोरी येणारच नाय. घरचे सोडत नाय."

"मंग नाय येणार," भागीबाई म्हणाली.

"आपलं आवण हाय ना. शाळेजवळचं. सपाट हाय."

भागीबाईचा हात थांबला. शाळेला लागून असलेलं ते आवण, भाताचं खाचर, म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा सपाट तुकडा. बाकीचे सगळे डोंगराला चिकटलेले, पायऱ्यांसारखे. यंदा पहिल्यांदाच भात निघाल्यावर तिथं हरभरा पेरला होता. त्यासाठी चंदरनं ओहोळापासून पाट खणला होता. दसऱ्यानंतर महिनाभर दोघं कुदळ-फावडं घेऊन त्यातच होती. त्या हरभऱ्याच्या जोरावरच त्यांनी मुकादम सावळीरामला सांगितलं होतं की यंदा आम्ही द्राक्षाच्या बागेत येणार नाय. दर साली दिवाळी झाली की निम्मा गाव दिंडोरीकडं जायचा, बागेच्या कडेला पाल टाकून होळीपर्यंत राहायचा. पल्लवीच्या प्रत्येक इयत्तेतले मधले महिने त्या पालात गेले होते. हे पहिलंच साल, की ती दिवाळीनंतरही शाळेत होती.

"हरभऱ्याला घाटे धरले, दिसत नाय तुला?" भागीबाई म्हणाली. "उभं पीक काढू तुझ्या खेळापायी? मंग खाशील काय, खो?"

पल्लवी ताटावरून उठली. चंदर म्हणाला, "ताट ठेवून उठू नको." ती परत बसली, पण जेवली नाही.

---

मंगळवारी शाळेत नुसती गडबड. खालच्या गावातून निरोप आला, मग दुसरा निरोप आला, दोन्ही वेगळे. सामने होणार, सामने नाय होणार. गुरुजी सायकल घेऊन खाली गेले आणि तोंड पाडून परत आले. संध्याकाळपर्यंत जागा दाखवा, नाहीतर सामने हलवतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. तानुबाईच्या चुलीपाशी बसून ते स्वतःशीच म्हणाले, "आते कसं व्हई?" या वेळी कुणी हसलं नाही.

लेझीम मात्र थांबली नाही. दुपारभर तो आवाज डोंगराला आपटून परत येत होता. भागीबाई हरभऱ्याच्या बांधावर शेळ्या हाकायला उभी होती. त्या आवाजानं तिचं डोकं उठलं. शेळ्याही बिचकत होत्या.

तेवढ्यात शाळेमागच्या उतारावर पोरी जमल्या. ती गाडीवाट होती, खडी वर आलेली, एका बाजूनं कललेली. खांब नव्हते तर दोन पोरं दोन टोकांना खांब होऊन उभी राहिली. पोरी पाळीपाळीनं उकिडव्या बसल्या आणि खेळ सुरू झाला.

भागीबाईनं पोरीला खेळताना कधी बघितलं नव्हतं. बघायला वेळ कुठला. घरात तिला वाटायचं, ही पोरगी सुस्त आहे. पाण्याला धाडलं तर तासभर लावते, सरपण आणायला सांगितलं तर वाकड्या तोंडानं उठते. आणि आता तीच पोरगी बसलेल्या पोरींच्या मधून अशी निसटत होती, की पाठलागावरची पोरगी हात लांबवायची आणि हातात नुसता वारा यायचा. पल्लवी थांबायची, मान वळवून बघायची, अंग एकीकडं टाकायची आणि जायची दुसरीकडंच. एकदा खडीवर पाय घसरला. ती गुडघ्यावर आपटली, घरंगळली. भागीबाईच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. पण तोवर पल्लवी उठून पुढं गेलेली होती. गुडघ्यातून रक्त पायावर आलं होतं आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

खेळ संपेस्तोवर भागीबाई तशीच उभी होती. वळून बघितलं तर शेळ्या हरभऱ्यात शिरलेल्या.

ती शेळ्या हाकलून घरी आली आणि पाण्याचा हंडा धाडकन खाली ठेवला. पल्लवी गुडघ्याला हळद लावत बसलेली. "पाय धू आदी," एवढंच भागीबाई म्हणाली. मग तशीच उलट्या पावली शाळेकडं गेली.

गुरुजी सायकल बाहेर काढत होते. नाही म्हणून सांगायला निघाले होते.

"गुरुजी," भागीबाई म्हणाली, "साहेबाला सांगा, जागा हाय."

---

बुधवारी उजाडता उजाडता चंदर उठला तर बायको अंथरुणात नव्हती. तो आवणाकडं गेला. दव पडलेलं, थंडीनं तोंडातून वाफ निघत होती. भागीबाई ओच्याची गाठ मारून कडेपासून हरभरा उपटत होती. मागं हिरव्या पेंढ्यांची रांग लागलेली.

"हे काय?"

"दिसत नाय?" तिनं वर न बघता विचारलं. "निम्मं आवण पुरंल का सगळं लागंल?"

चंदर बांधावर उभा राहिला. त्याची पाटावर नजर गेली. पाटातून पाणी झुळझुळत होतं, हरभऱ्याच्या मुळापर्यंत पोचत होतं.

"मला इचारायचं तरी," तो म्हणाला.

"इचारलं आसतं तर तू हो म्हणला आसता. मंग वरीसभर मी तुला बोलत बसले आसते. आता तू मला बोल."

तो खाली उतरून तिच्या शेजारी वाकला. ओल्या पाल्याचा आंबटपणा बोटांच्या भेगांत झोंबत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सगळं लागंल. पळायला जागा पायजे."

शाळा भरायच्या आधीच पोरं आली. पोरं उपटत होती आणि खात होती. गुरुजी आले, पँट दुमडून आत उतरले, आणि पहिलीच जुडी उपटून उभे राहिले. "चंदरभाऊ, मी तुमच्याकडं हे मागितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मागितलं कुणी नाय. तुमी ढेकळं फोडा."

चंदरनं बैल जुंपून फळी फिरवली. भाताची वाळली खुंटं मोडून पडली. प्रतिभा मॅडमनी गाणं बंद केलं आणि सगळ्या वर्गाला घागरी देऊन पाटावर लावलं. पाणी शिंपडायचं, धुम्मसानं माती ठोकायची, पुन्हा शिंपडायचं. धुम्मस जड, चंदरच्या हाताला फोड आले आणि फुटले. भिजली माती चिखल होईल म्हणून तो पोरांवर ओरडत होता, "वतू नका! शिपडा!" दुपारी तानुबाईनं खिचडीचं पातेलंच बांधावर आणून ठेवलं. ती चंदरची बहीण. नवरा गेल्यापासून शेजारच्या खोपटात एकटीच राहायची. भावाच्या आवणाकडं बघून ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय केलंत रं हे." तरी हातातला डाव ठेवून तीही दगड वेचायला बसली.

दिवस बुडताना खांब उभे राहिले.

---

गुरुवारी सकाळपासून पाड्यापाड्यांची पोरं डोंगर चढून यायला लागली. शिट्ट्या, ओरडा, धूळ. राखेच्या रेघा दोनदा पुसल्या, दोनदा मारल्या. एका शाळेचा संघ वाट चुकला, दुसऱ्याचे गुरुजी पंचांशी भांडले. एवढ्या पोरांना खायला काय द्यायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. खिचडी पहिल्या तडाख्यातच संपली. मग भागीबाईनं बांधावरच्या पेंढ्यांचा एक ढीग ओढला, भाताच्या वाळल्या पेंढ्याचा जाळ केला आणि हिरवा हरभरा त्यात टाकला. घाटे फुटायला लागले. पोरं राखेतून उचलून फुंकून खाऊ लागली. सगळ्यांची तोंडं काळी झाली.

गार्ड आला तेव्हा शाळेपुढं काहीच नव्हतं. तो बांधावर आला. चंदर उठून उभा राहिला.

"बस, बस," गार्ड म्हणाला. "ही जागा तुझीच?"

"सातबारा हाय, साहेब."

"तसं नाय विचारत." त्यानं बांधावरच्या पेंढ्या बघितल्या, मैदान बघितलं. भागीबाईनं त्याच्यापुढं मूठभर हरभरा धरला. त्यानं तो घेतला आणि उभ्याउभ्या सोलत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तुमी असं कराल." सामना अर्धा झाला तरी तो गेला नाही.

सादडमाळच्या पोरी पहिला सामना जिंकल्या, दुसराही जिंकल्या. शेवटचा खालच्या मोठ्या गावाशी. त्यांच्या पोरींच्या अंगावर एकसारख्या टीशर्टी होत्या, पायात बूट. पल्लवी शेवटच्या तुकडीत पळायला उतरली. सोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या. ती एकटी उरली. ती पळत होती, आणि भागीबाई जाळापाशी उभी राहून हातातली काठी घट्ट धरत होती. एकदा खांबापाशी ती सापडलीच होती. पाठलागावरच्या पोरीनं सूर मारला. पल्लवीनं खांबाला हात घातला, अंग गरकन फिरवलं, आणि ती पोरगी मातीत लांब गेली. सगळा बांध ओरडला. चंदर ओरडला नाही. तो खांबाच्या बुडाकडं बघत होता, हलला का म्हणून.

तरी सामना गेला. अगदी थोडक्यात गेला. पोरी गळ्यात गळा घालून रडल्या. पल्लवी रडली नाही. ती आईकडं आली आणि म्हणाली, "भूक लागली." भागीबाईनं तिच्यासाठी पदरात राखून ठेवलेला हरभरा दिला. पोरीच्या गुडघ्याची खपली निघालेली होती. आईनं पदराला थुंकी लावून ते पुसलं, आणि पोरीनं पुसू दिलं.

---

शुक्रवारी गॅदरिंग झालं. कॅसेट दोनदा अडकली. पोरांनी टाळ्यांवर नाच पुरा केला. शनिवारी ओट्यावर टेबल मांडून बक्षिसं झाली. केंद्रप्रमुख साहेबांनी भाषणात सरपंचांचे आभार मानले, शिक्षकांचे मानले, वनखात्यानं सहकार्य केलं म्हणून त्यांचेही मानले. गार्डनं मान खाली घातली. गुरुजी शेजारी उभे राहून साहेबांच्या कानाशी काही सांगत होते, पण साहेबांना पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. ते घड्याळ बघत होते. चंदर मागं, भिंतीला टेकून बसलेला. त्याचे फोड चिघळले होते, म्हणून तो टाळ्याही हळूच वाजवत होता.

शेवटी एक बातमी सांगितली. केंद्राचा संघ तालुक्याला पेठला खेळणार, त्यात सादडमाळची पल्लवी चंदर गावित. पुढचे दिवस रोज सराव, मग सामने.

गुरुजी संध्याकाळी घरी आले. दारातच उभे राहिले. "तुमचं नाव राहून गेलं. मी त्यांना लिहूनही दिलं होतं."

"नावाचं ऱ्हाऊ द्या," भागीबाई म्हणाली. "पोरीला पेठला कोण नेणार? आन रातचं ऱ्हायाचं कठं?"

"मॅडम बरोबर असतील. राहायचं मुलींच्या वसतिगृहात."

"मॅडम राती बरोबर ऱ्हातील?"

"राहतील."

"त्यांच्या तोंडून ऐकते मंग."

ती तशीच निघाली आणि मॅडमच्या तोंडून ऐकूनच परत आली.

तेवढ्या वेळात चंदर खाली मुकादमाकडं गेला होता. सावळीराम जीपच्या बॉनेटवर बसून तंबाखू मळत होता. दुसऱ्या दिवशी दिंडोरीला शेवटची खेप जाणार होती.

"का रं? तू तर बागायतदार झाला व्हता यंदा," सावळीराम म्हणाला. बाजूचे दोघं हसले.

चंदर उभाच राहिला. "जागा हाय का?"

"आता मागं आलेल्याला चांगली बाग भेटत नाय. क्रेट उचलायचं काम हाय. हात दाखव."

चंदरनं हात पुढं केले नाहीत. "उचलीन," तो म्हणाला.

"बायको?"

"येईल."

"आन पोरगी? तिघं आले तर बरं पडतं. घडातले बारीक मणी काढायला पोरीचा हात चांगला चालतो."

"दोघंच."

सावळीरामनं तंबाखू तोंडात टाकली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. "सकाळी वेळेवर या. थांबणार नाय."

---

रविवारी थंडी जास्तच होती. भागीबाईनं दोन गोधड्या, तवा, पातेलं, नागलीच्या पिठाची पिशवी असं सगळं एका गाठोड्यात बांधलं. बैल आणि शेळ्या तानुबाईकडं. पल्लवी उठून दारात बसली होती. तिनं आपली शाळेची पिशवी रिकामी करून त्यात एक फ्रॉक भरला होता.

"हे काय?" आईनं विचारलं.

"मी पण येते. आपला हरभरा माज्यामुळं गेला."

"तो मी उपटला. तुज्यामुळं कसा गेला?"

"मला मणी काढता येतात. तुज्यापेक्षा भराभर काढते."

"हो, काढते. ती पिशवी खाली कर."

पल्लवीनं पिशवी पोटाशी धरली. तिचे डोळे भरून आले. सामना हरल्यावर न रडलेली पोरगी आता हुंदके देऊ लागली. भागीबाईला काय करावं कळेना. तिनं पिशवी ओढून घेतली, त्यातला फ्रॉक काढला, झटकला आणि खुंटीला लावला.

"आत्याचं ऐकायचं. खिचडी खाऊन पोट भरत नाय, संध्याकाळची भाकर करायला शीक. आन गुडघ्याला माती लागू देऊ नको." मग जरा थांबून म्हणाली, "सरावाला ती खालच्या गावची लांब पोरगी आसंल ना, ती डावीकडून येती. तू उजवीकडंच बघत व्हती."

पल्लवीनं नाक पुसलं. "तुला कसं कळलं?"

"मला डोळे हायेत."

खालून जीपचा हॉर्न वाजला. चंदरनं गाठोडं डोक्यावर घेतलं. पोरीच्या डोक्यावर ठेवायला त्यानं हात उचलला, पण फोड झोंबले, म्हणून मनगटानंच तिचे केस मागं सारले. मग दोघं उतार उतरून गेली.

जीपमध्ये बसायला जागा नव्हतीच. भागीबाई गाठोड्यावर बसली, चंदर मागच्या दांडीला लोंबकळला. घाटात जीप एका अंगाला झुकली की सगळी माणसं एकमेकांवर पडायची. समोर पलीकडच्या पाड्यातली नवसाबाई होती. मांडीवर पोर, पायाशी दोन पोरं. दर साली ती भागीबाईच्या शेजारीच पाल टाकायची. तिनं भागीबाईच्या मागंपुढं बघितलं.

"अगं, तुजी पोरगी कठं? एवढी कामाची पोर, ती का नाय आणली?"

भागीबाईनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. मागं दांडीला धरून उभा असलेला चंदर तिच्याकडंच बघत होता.

"तिला गावात काम हाय," ती म्हणाली.